आधी बंदूक खाली ठेवा!

आपल्या घराघरांतून बंदुकीविषयी दोन मते नांदतात, आणि गंमत अशी की ती दोन्ही एकाच माणसाची असतात. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तो माणूस मुलाला बाजारात नेतो, टिकल्यांच्या डब्या आणि एक चकचकीत पिस्तूल घेऊन देतो. मुलगा ते पिस्तूल आजीच्या छातीला लावतो, आजी "मेले रे बाबा!" म्हणून डोळे मिटते आणि सारे घर कौतुकाने हसते. सुटी संपल्यावर शाळेतून त्याच माणसाकडे चिठ्ठी जाते, 'आपल्या पाल्यास नेमबाजीच्या वर्गाला पाठवावयाचे असल्यास खाली सही करावी.' तेव्हा तो चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "बंदूक? आणि शाळेत? सर, तुमचे डोके ठिकाणावर आहे ना?"

मी दिंडोशीला राहतो. गोरेगाव कोठे संपते आणि मालाड कोठे सुरू होते यावर आमच्याकडे अजून एकमत नाही, त्या सीमेवर. एका शाळेत चित्रकला शिकवितो, मॅट्रिकपुढे कॉलेजची पायरी चढलेलो नाही आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहितो. यांतील एकाही गोष्टीने मला बंदुकीवर बोलण्याचा अधिकार मिळत नाही हे मी जाणतो. तो मिळाला निराळ्या वाटेने. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील तीन मुलांना उपनगरातल्या एका रेंजवर नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. मुले शिकत असता बाकावर बसून डुलक्या काढण्यापेक्षा आपणही शिकावे असे मनात आले, आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी हवाई बंदूक हाती घेतली. तेव्हापासून या विषयावर लोक जे बोलतात ते ऐकून माझा संताप होतो. तो संताप मी फराळाच्या ताटाशेजारी ठेवीत आहे. तिखट लागला तर लसणीची चटणी समजून घ्यावा.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. नवशिक्या माणूस नेमबाजीच्या पहिल्या वर्षात जे शिकतो त्यात गोळी उडविण्याचा भाग एक आणा, आणि न उडविण्याचा भाग पंधरा आणे असतो. ही पंधरा आण्यांची विद्या आपल्या साध्या शाळांतून साध्या मुलांना मिळाली पाहिजे. आज ती ज्यांना परवडते त्यांच्याच पोरांसाठी कुलपात पडली आहे, आणि ते कूलूप काढू न देण्यात बंदुकीला भिणारे आणि बंदुकीवर भाळणारे असे दोन्ही पक्ष सारखेच सामील आहेत.

आता ही न उडविण्याची विद्या म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी आम्हांला छर्रा दाखविलादेखील नाही. प्रशिक्षकांनी टेबलावरची बंदूक दाखवून विचारले, "ही भरलेली आहे की रिकामी?" मुले म्हणाली, "रिकामी." कारण नळीतून एक भगव्या रंगाची दोरी आरपार काढलेली दिसत होती, आणि बंदूक रिकामी असल्याची ती खूण आहे हे त्यांना दोनच मिनिटांपूर्वी सांगितले होते. प्रशिक्षक म्हणाले, "दोरी दिसली तरी ती भरलेलीच आहे असे समजून हात लावायचा. मघाशी तुम्ही स्वतः ती रिकामी केली असली तरीसुद्धा!" मग नळीचे तोंड. ते निशाणाकडेच राहिले पाहिजे. मित्राने हाक मारली म्हणून वळलात आणि नळीही तुमच्याबरोबर वळली, तर त्या दिवसाचा वर्ग तुमच्यापुरता संपला. मग बोट. नेम धरण्याची वेळ येईपर्यंत बोटाने चापाला शिवायचे नाही. आणि शेवटी निशाणाच्या पाठीमागे काय आहे ते ठाऊक असल्याखेरीज नेमच धरायचा नाही. 'स्टॉप' हा शब्द ऐकू आला की अर्धा रोखलेला श्वास सोडून द्यायचा, बंदूक उघडायची, खाली ठेवायची आणि दोन पावले मागे सरायचे. रेषेवरच्या शेवटच्या माणसाची बंदूक खाली आल्याशिवाय कोणी निशाणाकडे एक पाऊलही टाकीत नाही. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा घरी निघताना साबणाने हात धुवायचे. तेवढे झाल्यावर शेंगदाण्याच्या पुडीला हात लावायला मोकळीक.

पुढचे तीन आठवडे आम्ही उभे राहिलो. दुसरे काही नाही, उभे राहिलो! दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचा एक ठिपका पाहायचा आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ठिपका जागच्या जागी दिसतो तो आपला बळकट डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा तो डावाही असू शकतो, हे पन्नाशीकडे झुकल्यावर मला समजले. मग पाय किती रुंदावायचे, कोपर बरगडीखाली कोठे टेकायचे, बंदुकीचे वजन दंडाच्या स्नायूंवर न घेता हाडांवर कसे उतरवायचे. स्पर्धेतील हवाई रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. ती दंडावर पेलणाऱ्याचे हात दहाव्या मिनिटाला थरथरू लागतात, आणि हाडांवर घेणारा तास सव्वातास उभा राहतो.

यातला एक धडा तर मी माझ्या चित्रकलेच्या वर्गातही नेला आहे. नेम धरायचा, मग डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळी निशाणापासून ढळलेली दिसली तर काय करायचे? आपला स्वभाव असा, की हाताने ढकलून ती जागेवर आणायची. प्रशिक्षक सांगतात, बंदूक ढकलू नका, पाय हलवा. शरीर ज्या दिशेला आपोआप विसावते तीच दिशा निशाणाची झाली पाहिजे. जबरदस्तीने लावलेला नेम चाप ओढण्याच्या क्षणी पुन्हा सरकतो. मुलांच्या पाठीत रट्टा घालून त्यांना सरळ करू पाहणाऱ्या आईबापांनी हे वाक्य देव्हाऱ्याजवळ लिहून ठेवावे.

दहा मीटरवरच्या रायफलच्या निशाणाचा सगळा घेर ४५.५ मिलिमीटर, म्हणजे मुलीच्या हातातल्या बांगडीहून लहान. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका आहे तो अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याला तो छर्रा शिवायला हवा ते मध्य त्या छर्र्याच्या नवव्या हिश्श्याएवढे! स्पर्धेत असे ६० छर्रे ७५ मिनिटांत मारावयाचे असतात. काळजाच्या ठोक्याबरोबर नळीचे टोक हलते ते डोळ्यांना दिसते. सकाळी घरात भांडण झाले असेल तर ते कागदावर उमटते. अभ्यास न करता आलेल्या मुलाची भीती उमटते. शेजाऱ्याच्या गुणांकडे चोरून पाहिल्याचे पाप तर ठळक उमटते. आणि सर्वांत मोठी कसोटी अशी, की मन स्थिर नसेल तर चाप न ओढता बंदूक खाली घ्यायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून उभे राहायचे. माझ्या पाहण्यात आलेल्या साऱ्या शालेय विषयांत, 'आत्ता जमत नाही, थांबतो' असे म्हटल्याबद्दल शाबासकी देणारा हा एकच विषय आहे.

याच्या उलट जी बंदूक आमच्या मुलांना रोज दिसते ती पाहा. दिंडोशीच्या टेकडीला लागूनच दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. १९७७ साली ती उभी राहिली. तिच्या आवारात आजवर किती खोट्या बंदुका कडाडल्या असतील याचा हिशेब चित्रगुप्तानेच ठेवावा. त्या बंदुकीतल्या गोळ्या संपत नाहीत. नायक ती आडवी धरतो, धावता धावता झाडतो, नळीनेच पाठ खाजवितो आणि मित्राशी बोलताना तिचे तोंड मित्राकडे करून हातवारे करतो. आमच्या वर्गात जे केल्याबद्दल मुलाला घरी पाठवतात ते सारे पडद्यावर पराक्रम म्हणून खपते. आम्हां कादंबरीकारांची तऱ्हा फारशी निराळी नाही. कथानक अडले की कपाटातून पिस्तूल निघते.

हा नुसता रुचीचा प्रश्न असता तर मी सोडून दिला असता. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको येथे एका चित्रपटाच्या तालमीत नटाच्या हातातील रिव्हॉल्वर सुटले आणि छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स ही बाई प्राणास मुकली. बंदूक निर्धोक आहे असे सांगूनच ती त्याच्या हाती दिली होती. इतके दूर जायलाही नको. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईतच एका नामवंत नटाच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्याच्याच पायात शिरली. हे वर्षानुवर्षे पडद्यावर बंदुका हाताळलेले लोक! 'प्रत्येक बंदूक भरलेली समजा' हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा किती मोलाचा आहे, हे आमच्या सातवीतल्या मुलांना पाठ आहे.

आता भिणाऱ्यांचा पक्ष. त्यांच्या भीतीला मी हसत नाही, कारण ती पोकळ नाही. १२ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याची रात्र. सोने वाटून लोक घरी परतत असताना वांद्र्याला एका माजी मंत्र्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. आमच्या मुलांच्या रोजच्या पायाखालचा रस्ता जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या नावाचा आहे. दोनदा महावीरचक्र मिळविलेल्या, देशाचे सेनापतिपद भूषविलेल्या या माणसाला १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या रस्त्यावर मारेकऱ्यांनी गोळ्या घातल्या. आमच्याच वस्तीतल्या सत्र न्यायालयाच्या पायऱ्यांवर बंदुकीने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे तारखांमागून तारखा मोजीत बसतात. तेव्हा बंदुकीने माणसे मरतात हे मला कोणी सांगावयास नको.

पण मारेकरी रेंजवर घडत नाही. त्याला साठ छर्रे आणि सव्वा तास नको असतो, त्याला एक क्षण आणि दोन हात अंतर पुरते. जो मुलगा रोज नोंदवहीत सही करून बंदूक घेतो, सर्वांसमक्ष उघडून रिकामी असल्याचे दाखवतो आणि परत देताना पुन्हा सही करतो, त्याच्या हातून बंदुकीचा तोरा गळून पडतो. रहस्य उरत नाही तेथे तोरा कसला उरणार? उलट ज्याला बंदूक माहीत आहे ती फक्त टिकलीच्या पिस्तुलातून, पडद्यातून आणि मोबाइलमधल्या खेळातून, त्याच्यासाठी ती जादूची कांडी राहते. उत्तरेकडे लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस इतकी बोकाळली, की २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवाव्या लागल्या. हवेत गेलेली गोळी खाली येते, एवढेही ज्यांना कोणी शिकविले नाही त्यांच्यासाठी हा कायदा आहे.

दुसरा पक्ष भाळणाऱ्यांचा, आणि त्याच्याशी माझे भांडण अधिक कडू आहे. हे लोक मला पाठ थोपटून सांगतात, "सर, फार चांगले काम करता. पोरांना मर्द बनवा! पोरींना बंदूक शिकवा, मग कोणाची हिंमत आहे हात लावायची!" यांना वाटते मी त्यांच्या बाजूचा आहे. मी त्यांच्या बाजूचा नाही. दहा मीटरवर, चांगल्या उजेडात, कोणी धक्का देत नसताना, कागदावरच्या ठिपक्यावर मन लावण्याने कोणतीही मुलगी रात्रीच्या लोकलमध्ये सुरक्षित होत नाही. तिला सुरक्षित करणे हे पोलिसांचे, रेल्वेचे आणि तुमच्या-माझ्या मुलग्यांना वाढविणाऱ्या घरांचे काम आहे. ते मुलीच्या खांद्यावर बंदूक ठेवून मोकळे होता येणार नाही. घरोघरी पिस्तूल असावे असेही मी म्हणत नाही. माझ्या घरात नाही, आणि येणार नाही. खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू वाहणारे आपण लोक. पण ज्या शस्त्राची शिस्त ठाऊक नाही त्याची पूजा म्हणजे आगीशी खेळ.

कोणी म्हणेल, बंदूक आणि अहिंसेचा हा देश, यांचे जमायचे कसे? त्यांनी थोडा इतिहास पाहावा. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. त्या अपमानाविरुद्ध काँग्रेसने वर्षानुवर्षे ठराव केले, आणि खुद्द गांधीजींनी १९१८ साली खेड्याच्या पत्रकात त्या कायद्यावर कडक टीका केली. स्वातंत्र्य आले, आणि १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? दादासाहेब मावळणकर! मूळ घराणे रत्नागिरीकडचे, वकिली अहमदाबादची, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले. सभागृहात साऱ्यांना खाली बसवून एकेकाला बोलावयास लावणारा हा माणूस नेमबाजीच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष असावा, यात मला विसंगती दिसत नाही. 'स्टॉप' म्हटल्यावर थांबण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची एक स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. आणि कायद्याचे म्हणाल, तर नियमांनी घालून दिलेल्या मर्यादेतली साडेचार मिलिमीटरची हवाई बंदूक परवान्यावाचून घेता येते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचा बाऊ करून शाळांना पळवाट काढता येणार नाही.

आता मी माझ्या खऱ्या दुखण्यावर येतो.

महाराष्ट्राने या विद्येत काय कमावले आहे ते पाहा. अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजात एन. सी. सी.त होत्या, तेथून त्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोहोचल्या आणि २००३ साली मिलानच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला जगज्जेता झाला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तिहेरी प्रकारात कांस्यपदक जिंकले. शिक्षकाचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस!

त्या दिवशी सारा महाराष्ट्र टाळ्या वाजवीत होता, मीही वाजविल्या. पण टाळ्या ओसरल्यावर एवढे तरी कोणी विचारले का, की कांबळवाडीच्या पोराच्या हाती रायफल आली कोठून? ती आली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून. २००९ साली तो तेथे दाखल झाला. अंजली भागवत यांना दार उघडले एन. सी. सी.ने. म्हणजे जेथे सरकारने, कॉलेजने, सार्वजनिक संस्थेने दार उघडले, तेथून सामान्य घरातले मूल आत गेले. आणि आपण त्या पदकावरून धडा कोणता घेतला? खाजगी वर्गांच्या पाट्या वाढल्या, आणि 'सहा महिन्यांत राज्यस्तरावर' असे सांगणारे हस्तपत्रक माझ्या वर्तमानपत्रात पडू लागले!

आमच्या तीन मुलांतील एक मुलगी सातवीत होती. वडील रिक्षा चालवितात, आई चार घरचे डबे करते. माझ्या वर्गात फळ्यावर हाताने काढलेले तिचे वर्तुळ पाहून मी कंपास लावून पाहिला होता. रेंजवर तिसऱ्या महिन्यात तिने साध्या साइटच्या बंदुकीने दहा छर्र्यांत अठ्ठ्याऐंशी गुण घेतले, आणि माझे तेव्हा एकोणसत्तर होते. प्रशिक्षकांनी तिला स्पर्धेची तयारी करावयास सांगितले. मग यादी आली. रेंजची मासिक फी, छर्रे, कडक कापडाचे जाकीट, खास बूट, आणि आज ना उद्या स्वतःची रायफल. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. यादी वाचून तिची आई मला म्हणाली, "सर, तुम्ही चित्रं काढायला शिकवा तिला. कागद परवडतो." त्या माउलीच्या आवाजात राग नव्हता. माझ्यात आहे.

ती मुलगी आता नववीत आहे. तिचे वर्तुळ अजून तसेच गोल येते. त्या रेंजवर तिच्या जागेवर आता जो मुलगा उभा राहतो त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. त्याच्या वडिलांजवळ पैसे आहेत आणि मुलगा मेहनती आहे. पण तो दर छर्र्यानंतर मागे वळून वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. वडील हातातल्या मोबाइलवर गुणांची बेरीज करीत असतात. पदकाची घाई झालेले हे पालकही मुलाचे नुकसानच करतात. मुलाला बंदूक खाली ठेवून श्वास घेण्याची मुभा त्यांच्या महिन्याच्या फीत बसत नाही.

द्रोणाचार्य, अर्जुन आणि पोपटाचा डोळा ही गोष्ट आम्ही सारे शिक्षक मुलांना मोठ्या हौसेने सांगतो. त्याच वर्गाच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या एकलव्याची गोष्ट मात्र आवाज खाली आणून सांगतो, गुरुभक्तीचा धडा म्हणून! माझ्या मते त्या गोष्टीचा धडा एकच आहे. रेंजच्या दारावर जात, पैसा किंवा बापाचा हुद्दा विचारला गेला, की अंगठा कापला गेलाच म्हणून समजा. मग तो कापायला सुरी लागो, की फीची पावती.

"मग सर, करायचे काय?" असा प्रश्न येईलच. मी आकाशातले चंद्र मागत नाही. ऑलिंपिकची रेंज मागत नाही. हवाई बंदुकीला अंतर लागते दहा मीटर. मागेपुढे उभे राहण्याची आणि निशाणाची जागा धरून पंधरा मीटर लांबीचा हॉल पुरतो. एका नेमबाजाला एक मीटर रुंदी धरा. पाच मुले एका वेळी उभी राहतील. निशाणामागे छर्रे अडविणाऱ्या लोखंडी पेट्या, त्यामागे पक्की भिंत, रेषेच्या पुढच्या बाजूला एकही उघडे दार नाही, बंदुकांना दुहेरी कुलपाचे कपाट, एक नोंदवही, आणि एक जाणता प्रशिक्षक. नवशिक्यासाठी देशी बनावटीची साधी हवाई बंदूक काही हजार रुपयांत मिळते. चार बंदुकांवर चाळीस मुले शिकू शकतात, कारण मी वर सांगितलेच, की बहुतेक वेळ मुले नुसती उभीच असतात!

एवढा खर्च दिंडोशीसारख्या वस्तीला जड आहे काय? २०२२ साली आमच्या दारात मेट्रोचे स्टेशन आले. हमरस्त्यावर मॉल आहे, टेकडीवर मनोरे चढत आहेत. गणपतीत आणि नवरात्रात मंडळे भिंती हादरविणाऱ्या कर्ण्यांवर जे भाडे घालवितात त्यातल्या दोन रात्रींच्या भाड्यात एका शाळेच्या बंदुका येतील. आणि फरक असा, की कर्ण्याने शंभर जणांचे कान जातात, तर या हॉलमध्ये मुलाला प्रथमच शांतता कशी असते ते ऐकू येईल. महानगरपालिकेने प्रत्येक विभागात निदान एका शाळेत असा हॉल करावा. मोठ्या सोसायट्यांनी लग्नसमारंभाचे आपले हॉल आठवड्यातून दोन सकाळी शेजारच्या वस्तीतल्या मुलांना उघडे करावेत. त्यांच्या स्वतःच्या मुलांचेही त्यात कल्याण होईल. मुख्याध्यापकांनी एन. सी. सी.चे रिकामे पडलेले तास पुन्हा जिवंत करावेत. आणि पालकांनी सही करण्यापूर्वी एकदा स्वतः येऊन मागच्या बाकावर बसावे. अर्धा तास बसले तरी पुरे. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाला हरवीत नाही, आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी मूल मन स्थिर नाही म्हणून बंदूक खाली ठेवते. जेथे स्वतःला आवरता येणे हाच विजय मानतात अशी दुसरी जागा या शहरात मला कोणी दाखवावी. मी माझी चिठ्ठी मागे घेईन.

आमच्या शाळेचा हॉल सतरा मीटर लांब आहे; मी स्वतः टेपने मोजला आहे. पूर्वेची भिंत दगडी, त्या बाजूला दार नाही, उजेड भरपूर. दिवाळीच्या सुटीत तो बंद आहे. त्यात मोडकी बाके, गेल्या स्नेहसंमेलनाचा पुठ्ठ्याचा राजवाडा आणि लाकडी तलवारींचा एक भारा पडला आहे. ही बाके हलवावयास मी आणि आमचा शिपाई, असे दोघे तयार आहोत. किल्ली शाळेच्या समितीकडे आहे, आणि समितीत बसणारे सारे गृहस्थ हा दिवाळी अंक वाचतात.